खांदा थकल्यावर

चेंडू फेकून पोट भरणाऱ्याची कारकीर्द खांद्यावर उभी असते आणि बहुतेक वेळा खांद्यापाशीच अडते. बेसबॉलमध्ये या माणसाला पिचर म्हणतात. दहा इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावरून तो साडेसाठ फुटांवरच्या फलंदाजाकडे चेंडू फेकतो, तोही धावत न येता, जागेवरून. क्रिकेटचा वेगवान गोलंदाज वीस-पंचवीस पावले धावत येतो, चेंडू खेळपट्टीवर आपटतो आणि हे सगळे कोपराला १५ अंशांपेक्षा जास्त हिसका न देता करतो. चेंडूंच्या वजनात फार फरक नाही; बेसबॉलचा साधारण १४५ ग्रॅमचा, क्रिकेटचा १६०च्या आसपासचा. दुखणी मात्र वेगळी. पिचरचे कोपर जाते, गोलंदाजाची कंबर. १९७४ साली टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरच्या फाटलेल्या कोपरात डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच दुसऱ्या हातातला स्नायुबंध काढून बसवला. जॉन परत आला आणि १९८९पर्यंत खेळला. ती शस्त्रक्रिया आज डॉक्टरच्या नव्हे, रोग्याच्या नावाने ओळखली जाते. गोलंदाजाच्या कंबरेच्या मणक्याला जाणाऱ्या बारीक चिरेवर असा रामबाण इलाज अजून नाही. तिथे बहुतेकदा महिनोन्महिने विश्रांती घ्यायची आणि नशिबावर हवाला ठेवायचा.

पस्तिशीच्या आगेमागे दोघेही मोकळे होतात. तोवर दुसरे काही शिकायला सवड मिळालेली नसते. मग त्यांच्यातले काही जण जे हाताने करत होते ते तोंडाने सांगायला लागतात. हे काम वाटते तितके सोपे नाही. ज्याला निसर्गाने वेग दिला, त्याला तो कसा आला हे बऱ्याचदा ठाऊकच नसते. एकेका चेंडूसाठी डोके खाजवावे लागलेला, संघात आत-बाहेर करत राहिलेला मध्यम दर्जाचा माणूस शिकवायला अधिक बरा निघतो, असे या धंद्याचा इतिहास पाहिला की म्हणावेसे वाटते.

टॉम हाउस हे त्याचे अमेरिकेतले उदाहरण. १९७१ ते १९७८ या काळात तो तीन संघांकडून खेळला, नावावर २९ विजय. लोकांच्या लक्षात राहिला तो मात्र स्वतःच्या चेंडूमुळे नाही. ८ एप्रिल १९७४ रोजी हँक आरन या फलंदाजाने कारकिर्दीतला ७१५वा होमरन, म्हणजे कुंपणापार फटका, मारून बेब रूथचा विक्रम मोडला, तेव्हा कुंपणापलीकडे सराव करत बसलेल्या हाउसच्या हातात तो चेंडू पडला. पुढे त्याने मानसशास्त्रात डॉक्टरेट घेतली आणि टेक्सास रेंजर्स संघात पिचरांचा प्रशिक्षक झाला. व्हिडिओवरून हाताची हालचाल तपासणे, सरावात अमेरिकन फुटबॉल फेकायला लावणे, असल्या उद्योगांपायी त्याची बरीच टिंगल झाली. पण त्याच्याच देखरेखीखाली नोलन रायनने १९९१मध्ये, वयाच्या ४४व्या वर्षी, विरुद्ध संघाला एकही हिट न देता सामना जिंकण्याची करामत सातव्यांदा केली. टिंगल आपोआप थंडावली.

हाउसचा भारताशी संबंध आला तो २००८मध्ये. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू एका स्पर्धेतून निवडले गेले आणि लॉस एंजेलिसला त्याच्या हाती सोपवले गेले. बेसबॉल म्हणजे काय हेही धड माहीत नसलेल्या या पोरांना त्याने काही महिन्यांत इतपत घडवले, की नोव्हेंबर २००८मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करारबद्ध केले. मुख्य लीगपर्यंत कोणीच पोहोचले नाही. पटेल २०१०च्या सुमारास परत आला, रिंकू पुढे कुस्तीच्या रंगमंचावर गेला. तरी रांगड्या हाताला जाणता डोळा भेटला की किती अंतर कापता येते, याचा तो पुरावा होता.

त्याच नोव्हेंबर महिन्यात विदर्भात उमेश यादव नावाचा दुसरा एक रांगडा हात मैदानात उतरत होता. भारतात बेसबॉल अजून पोटापाण्याचा धंदा नाही. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत तो सॉफ्टबॉलच्या शेजारी बसलेला असतो, एवढेच. चेंडू फेकण्यावर संसार चालवायचा तर इथे क्रिकेटच. आणि विदर्भातल्या यवतमाळच्या पोराला क्रिकेट म्हणजे विदर्भ क्रिकेट संघटना, म्हणजे नागपूर. दीडशे किलोमीटर, एसटीने तीन-साडेतीन तास.

विदर्भाचा संघ रणजी करंडकात उतरला १९५७-५८मध्ये. त्यानंतरची सहा दशके बहुतेक सगळी हरण्यात किंवा सामने अनिर्णित राखण्यात गेली. मुंबईचा संघ आला की आपले खेळाडू त्यांच्या सह्या घेत, अशी जुनी थट्टा विदर्भातले लोकच करीत. वेगवान गोलंदाजीत सांगण्यासारखे नाव होते प्रशांत वैद्य यांचे. १९९५-९६मध्ये ते भारताकडून चार एकदिवसीय सामने खेळले. कसोटीपटू एकही नव्हता.

या पार्श्वभूमीवर नागपूरला आला सुब्रतो बॅनर्जी. जन्म १९६९चा, पाटण्याचा. बिहारकडून पुढे आलेला. डिसेंबर १९९१मध्ये पर्थला वेस्ट इंडीजविरुद्ध त्याने पहिला एकदिवसीय सामना खेळला आणि तो सामना बरोबरीत सुटला, दोन्हीकडे १२६. बॅनर्जीने त्यात तीन बळी घेतले. महिन्याभरात, २ जानेवारी १९९२ला, सिडनीत कसोटीची टोपी मिळाली. पहिल्या डावात मार्क टेलर, जेफ मार्श आणि मार्क वॉ असे तीन बिनीचे फलंदाज त्याने ४७ धावांत काढले. ती कसोटी लोकांना आठवते ती रवी शास्त्रीच्या २०६ धावांसाठी, सचिन तेंडुलकरच्या नाबाद १४८साठी आणि शेन वॉर्न नावाच्या एका गुबगुबीत लेगस्पिनरच्या पदार्पणासाठी. दुसऱ्या डावात बॅनर्जीच्या हाती चेंडूच दिला गेला नाही. पुढच्या कसोटीत तो संघात नव्हता आणि नंतर कधीही नव्हता. एक कसोटी, सहा एकदिवसीय सामने, संपले. पदार्पणात तीन बळी घेऊन पुन्हा न खेळलेल्या माणसाने आयुष्यभर कुरकुर केली असती तरी त्याला कोणी दोष दिला नसता.

बॅनर्जी ऑस्ट्रेलियाला गेला, तिथे राहिला, तिथेच प्रशिक्षणाचे शिक्षण घेतले आणि भारतात परतून विदर्भ क्रिकेट संघटनेच्या निवासी अकादमीत रुजू झाला. हा तपशील महत्त्वाचा आहे. त्या काळी भारतात वेगवान गोलंदाजाला सल्ला मिळे तो बहुधा दोन शब्दांचा: लाइन, लेंग्थ. पाऊल कुठे पडते, पुढचा पाय टेकताना गुडघा वाकतो का, कंबर आणि खांदा एकाच दिशेला आहेत की एकमेकांशी भांडताहेत, ही चौकशी क्वचितच होई. चेंडू वाईट पडला की लोक चेंडूकडे बघत. बॅनर्जी जिथून शिकून आला तिथे चेंडू सुटण्याआधीच्या गोष्टींकडे बघायची पद्धत होती.

त्याच्या वाट्याला आलेला सर्वांत मोठा शिष्य म्हणजे उमेश यादव. वडील मूळचे उत्तर प्रदेशातल्या देवरियाचे, नागपूरजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीत कामगार. पोराने पोलीस शिपाई होण्याचा प्रयत्न केला, जमले नाही. वयाच्या एकोणिसाव्या-विसाव्या वर्षापर्यंत तो टेनिस बॉलनेच खेळत होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी पट्ट्यातल्या वाचकाला हे चित्र नवे नाही. वेकोलि या कोळसा कंपनीच्या वसाहती, धुळीची मैदाने आणि पाळी संपल्यावर रंगणारे सामने तिथेही तसेच आहेत.

टेनिस बॉल म्हणजे काय, हे इथे जरा जवळून बघायला हवे, कारण विदर्भाच्या ग्रामीण भागातला प्रत्येक वेगवान गोलंदाज त्याच शाळेतून येतो. त्या चेंडूचे वजन साठ ग्रॅमच्या आतच. क्रिकेटचा चेंडू त्याच्या जवळपास तिप्पट. हलका चेंडू जोरात टाकायचा तर खांदा फार झपाट्याने फिरवावा लागतो, म्हणून या पोरांच्या हाताला झपाटा येतो आणि यॉर्करही साधतो, कारण आखूड टाकला की चेंडू शेजारच्या कपाशीत. पण टेनिस बॉलला शिवण नसते. दोन बोटे शिवणीच्या दोन बाजूंना, अंगठा खाली शिवणीवर, आणि चेंडू सुटताना मनगट चेंडूच्या मागे उभे राहिलेले, ही बैठक त्या हाताला कधी लागलेलीच नसते. मनगट बाहेर किंवा आत कलते, शिवण गिरक्या खाते आणि चेंडू हवेत हलायचा तो हलत नाही. त्यात सामने चार-सहा षटकांचे. दिवसाला अठरा षटके टाकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच, ही कल्पनाच त्या शरीराला नसते. आणि पायाखाली काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यामुळे धाव लांबवायला पोरगा धजावत नाही आणि दोन-चार उड्यांवरच चेंडू सोडतो.

असा हात घेऊन उमेश नोव्हेंबर २००८मध्ये रणजी सामन्यात उतरला. २०१०मध्ये भारताकडून एकदिवसीय आणि नोव्हेंबर २०११मध्ये दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी खेळला. विदर्भाकडून कसोटीपर्यंत पोहोचलेला तो पहिला खेळाडू. २०१५च्या विश्वचषकात भारतातर्फे सर्वाधिक १८ बळी त्याचे होते. कसोटीतले बळी १७०. या प्रवासात कुठे अडखळले की तो नागपूरला बॅनर्जीकडे परत जाई. अधूनमधून वेग राहून दिशा हरवे, मनगट पडे, आणि ते पुन्हा उभे करावे लागे. प्रशिक्षकाचे काम एकदा शिकवून संपत नाही. गोलंदाजाचे शरीर दर हंगामात थोडे बदलते आणि त्याबरोबर चुकाही नव्या येतात.

बॅनर्जीच्या कामाचे फळ सगळ्या देशाने पाहिले ते २०१७-१८च्या रणजी हंगामात. मुख्य प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, गोलंदाजीचा प्रशिक्षक बॅनर्जी. पंडितांची शिस्त कडक. त्यावर बरेच लिहून झाले आहे. गोलंदाजीकडे मात्र कमी लोकांनी पाहिले. रजनीश गुरबानी हा सिव्हिल इंजिनीअर झालेला मुलगा फार वेगवान नव्हता, पण चेंडू दोन्हीकडे हलवत असे. कोलकात्यात कर्नाटकविरुद्धच्या उपांत्य सामन्यात शेवटच्या डावात प्रतिस्पर्ध्यांना १९८ धावा हव्या होत्या. ते १९२वर आटोपले. गुरबानीचे त्या डावात सात बळी, सामन्यात बारा. इंदूरला दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने हॅट्‌ट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यात त्याआधी फक्त एकालाच ते जमले होते, तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमला १९७२-७३मध्ये. १ जानेवारी २०१८ला विदर्भ नऊ गडी राखून जिंकला. सिडनीच्या त्या कसोटीला तेव्हा एक दिवस कमी सव्वीस वर्षे झाली होती. पुढच्या हंगामात करंडक नागपुरातच राहिला आणि २०२४-२५मध्ये तिसऱ्यांदा आला. बॅनर्जी जानेवारी २०२३मध्ये राष्ट्रीय निवड समितीवर गेला. ज्याला दुसऱ्या कसोटीसाठी कोणी निवडले नव्हते, तो तेव्हा कसोटीसंघ निवडायला बसला.

मराठी गोलंदाजांत याच जातीची कारकीर्द पारस म्हांब्रे यांची. मुंबईचे. १९९६च्या इंग्लंड दौऱ्यात दोन कसोटी, दोन बळी. त्यातली लॉर्ड्‌सची कसोटी राहुल द्रविडच्या पदार्पणाची होती. खेळणे थांबल्यावर म्हांब्रे यांनी बंगालला सलग दोन रणजी अंतिम सामन्यांपर्यंत नेले, विदर्भाच्या संघाचेही काम पाहिले, एकोणीस वर्षांखालील मुलांसोबत राहिले आणि २०२१च्या अखेरीस भारताचे गोलंदाजी प्रशिक्षक झाले. मुख्य प्रशिक्षक द्रविड, फलंदाजीचे विक्रम राठोड. तिघेही त्याच १९९६च्या दौऱ्यावर कसोटी पदार्पण केलेले. २०२४च्या जूनमध्ये बार्बाडोसला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून हे तिघे मोकळे झाले. बॅनर्जी आणि म्हांब्रे यांच्या कसोट्या मिळून तीन भरतात. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांच्या कसोट्या मोजायला बसले तर आकडा काही शेकड्यांत जाईल.

यवतमाळ जिल्ह्याकडे वळले की हा विषय वेगाकडून फिरकीकडे जातो. अक्षय कर्णेवार, जन्म ऑक्टोबर १९९२, याच जिल्ह्यातला. तो उजव्या हाताने ऑफस्पिन टाकत असे. पण क्षेत्ररक्षण करताना चेंडू परत फेकायचा तो डाव्या हाताने. हे सगळ्या संघाने पाहिलेले असणार. फेकणारा हात कोणता, हे मैदानावर लपत नाही. त्याचा प्रशिक्षक मात्र तिथे थांबला आणि म्हणाला, त्या हातानेही टाकून बघ. तेव्हा अक्षय बारा-तेरा वर्षांचा होता. आज तो दोन्ही हातांनी गोलंदाजी करतो: उजव्या फलंदाजाला डाव्या हाताने, डावखुऱ्याला उजव्या हाताने, म्हणजे चेंडू प्रत्येकापासून दूर वळतो. क्रिकेटच्या नियमात याला मज्जाव नाही. हात बदलताना पंचाला सांगावे लागते, पंच फलंदाजाला सांगतो. न सांगता बदलला तर नो-बॉल.

बेसबॉलमध्ये हाच प्रश्न पॅट व्हेन्डिट या पिचरने उभा केला. त्याच्या वडिलांनी तिसऱ्या वर्षापासून त्याला दोन्ही हातांनी फेकायला शिकवले होते. दोन अंगठ्यांचा, सहा बोटांचा खास हातमोजा तो वापरत असे, म्हणजे कोणत्याही हातावर चढवता यावा. जून २००८मध्ये खालच्या लीगमधल्या एका सामन्यात त्याच्यासमोर दोन्ही बाजूंनी फलंदाजी करणारा खेळाडू आला. हा हात बदलायचा, तो बाजू बदलायचा. हा पुन्हा हात, तो पुन्हा बाजू. पंचांनी कपाळाला हात लावला. शेवटी नियमच करावा लागला: आधी पिचरने हात जाहीर करायचा. क्रिकेटचा नियम या बाबतीत जास्त शहाणा निघाला, कारण तो आधीपासूनच होता. व्हेन्डिट मुख्य लीगमध्ये पोहोचला जून २०१५मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर.

कर्णेवारनेही मोठ्या सामन्यांत आपला हात दाखवला आहे. सप्टेंबर २०१७मध्ये चेन्नईला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सराव सामन्यात त्याने दोन्ही हातांनी चेंडू टाकले. २०१९च्या रणजी अंतिम सामन्यात नाबाद ७३, लगेचच्या इराणी करंडकात १०२. दोन्ही डाव खालच्या क्रमांकावर येऊन खेळलेले. ८ नोव्हेंबर २०२१ला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्याच्या गोलंदाजीचा तपशील असा होता: चार षटके, चार निर्धाव, शून्य धावा, दोन बळी. टी-ट्वेंटीत पूर्ण चार षटके टाकून एकही धाव न देणारा तो पहिला गोलंदाज. मणिपूरचा संघ नवखा होता हे खरे, पण चोवीस चेंडूंत एकाचाही काठाला लागून चौकार जाऊ नये, हे नवख्यांविरुद्धही सोपे नसते. दुसऱ्याच दिवशी सिक्कीमविरुद्ध हॅट्‌ट्रिक. भारताच्या संघात मात्र त्याला जागा मिळाली नाही. डावखुऱ्या फिरकीत रवींद्र जडेजा आणि अक्षर पटेल असताना ती मिळणे अवघडच होते.

कर्णेवारच्या बाबतीत हात निसर्गाने दिला, पण दुसऱ्या हाताचा उपयोग मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या कोणाला तरी सुचला. बॅनर्जी, म्हांब्रे, हाउस यांच्या कामाचा गाभाही तोच आहे: सगळ्यांना दिसते त्याकडे थांबून पाहणे. त्यासाठी स्वतः खूप मोठा खेळाडू असण्याची गरज नाही. चेंडू हातातून सुटताना काय वाटते याची आठवण मात्र हवी, आणि ती फक्त टाकणाऱ्याकडेच असते.

यवतमाळ, वणी, पुसद, उमरखेड, दारव्हा या गावांत अशी आठवण असलेली माणसे आहेत. विद्यापीठाच्या संघाकडून, जिल्ह्याच्या संघाकडून पंधरा-वीस वर्षे चेंडू टाकलेली, आता शाळेत, बँकेत किंवा दुकानाच्या गल्ल्यावर बसणारी. दिवाळीनंतर कुठल्या ना कुठल्या चषकाच्या टेनिस बॉल स्पर्धा सुरू झाल्या की ती मांडवात पाहुणे म्हणून दिसतात. नारळ फोडतात, बक्षिसे देतात, घरी जातात. जिल्ह्याच्या क्रिकेटची सूत्रे ज्यांच्या हाती आहेत त्यांनी या माणसांना नागपूरच्या अकादमीत पाठवून प्रशिक्षकाची रीतसर पात्रता मिळवून द्यावी, थोडेफार मानधन द्यावे आणि तालुक्याच्या मैदानावर आठवड्यातून दोन संध्याकाळी उभे करावे. हातात खरा चेंडू आणि पायाखाली मॅटिंगची एक पट्टी, सुरुवातीला एवढ्यावर भागेल. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला एसटीने नागपूरला धाडण्याआधी त्याचे मनगट कोणीतरी गावातच पाहिलेले असावे.